मुकादम, ठिणगी आणि समितीची वही

३ मार्च, सोमवार

सोसायटीच्या समितीने भाग पाडले म्हणून लिहायला बसले आहे. खालच्या मजल्यावरच्या नर्सने लेखी तक्रार दिली – माझी कुत्री दिवसभर भुंकतात, रात्रपाळीहून आलेल्या माणसाला डोळा लागू देत नाहीत. सचिवांनी तोडगा काढला. दोघींनी चौदा दिवस, सकाळी नऊ ते दुपारी तीन, आपापली नोंद ठेवायची. सरासरी दिवसाला दहा वेळांच्या वर गेली तर कुत्री इमारतीबाहेर. खाली राहिली तर तक्रार निकालात.

समितीची वही मिळाली आहे. तीत फक्त वेळ लिहायची, मत लिहायचे नाही. मत पोटात ठेवायची मला सवय नाही. म्हणून ही दुसरी वही.

एकतीस वर्षे जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काढली. अख्ख्या शहराने माझ्या सहीवर पाणी प्यायले. मला नोंदी ठेवायला शिकवणार!

४ मार्च, मंगळवार

समितीच्या वहीत आज दोन नोंदी. १०.१५ – कुरियरवाला. १२.४० – मांजर, समोरच्या भिंतीवर. दोन्ही वेळा तोंड मुकादमाने उघडले.

मुकादम म्हणजे थोरला. आठ किलोचा टेरियर, राठ दाढी, वाकडे पाय, आणि सगळ्या जगाच्या कामावर देखरेख. गॅस दुरुस्त करायला माणूस आला तर हा आधी त्याची पिशवी तपासतो. झाडू दिसला की त्याच्याशी जन्माचे वैर. ठिणगी धाकटी, साडेपाच किलो. तिला उकरायचे वेड. कुंडी, उशी, गादी – काहीच मिळाले नाही तर फरशी! 'नाही' म्हटले की थांबते, माझ्याकडे बघते, आणि वाटाघाटी सुरू करते.

ही माझी नव्हेतच खरे तर. प्रयोगशाळेतली सहकारी परदेशी निघाली होती. 'आठ दिवस ठेवा हो, घर बघते आणि घेऊन जाते.' त्या आठ दिवसांना चार वर्षे झाली.

७ मार्च, शुक्रवार

जिन्यात नर्स भेटली. डोळ्यांखाली काळे. मी म्हटले, 'तुमची नोंद चालू आहे ना?' 'आहे, काकू.' 'मिनिटासकट?' 'मिनिटासकट.' पुढे म्हणाली, 'मला कुत्री आवडतात हो.' आवडतात आणि अर्ज करते! मी दोन पायऱ्या पुढे गेले होते.

९ मार्च, रविवार

नोंद नाही. दोघेही सकाळभर झोपून. ठिणगीने माझी डावी चप्पल ठार मारली. प्रेत सोफ्याखाली सापडले.

१२ मार्च, बुधवार

धाकट्या भावाचा फोन. शहराच्या टोकाला त्याचे बैठे घर आहे, मागे अंगण. बायको गेल्यापासून एकटाच असतो. 'ताई, भांडणं कशाला? कुत्री इकडे पाठव, आणि तूही ये.' दर महिन्याला हेच. मी म्हटले, 'मी माझ्या घरात आहे आणि कुत्री माझ्या घरात आहेत.' म्हणाला, 'तुझा हट्ट आणि त्या दोघांचा हट्ट – एका पिलावळीतले तुम्ही!'

फोन ठेवल्यावर हसू आले. त्याला कळू देणार नाही.

एक नवीन त्रास. कपडे धुवायच्या यंत्राची, धुऊन झाले की वाजणारी शिट्टी बंद पडली आहे. कपडे तासन् तास आत कुबट होतात. दुरुस्तीवाल्याला कळवले.

१७ मार्च, सोमवार

बैठक झाली. माझ्या चौदा दिवसांच्या नोंदी ३८. तिच्या १७१.

सचिवांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि चष्मा काढला. 'बाईंच्या नोंदीवर शंका घ्यायची म्हणजे घड्याळावर शंका घ्यायची.' सगळे हसले. नर्स म्हणाली, 'मी खोटं लिहिलेलं नाही.' हळू म्हणाली, मी पुढे झुकले तेव्हा कळले. मग मी बोलले. 'खोटं म्हणत नाही मी. पण सलग रात्रपाळ्या केल्या आणि झोप तुटली की माणसाला नसलेले आवाज येतात. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला माहीत असेल.'

ती खाली बसली. वही उघडी होती, ती मिटली.

निर्णय – तक्रार निकालात. नर्सला लेखी समज.

घरी आले तर दोघे दारात उड्या मारत होते. मुकादमाला म्हटले, जिंकलो! दोघांना एकेक बिस्किट जास्त.

१९ मार्च, बुधवार

नीट लिहायला हवे, क्रमाने.

साडेअकराला दुरुस्तीवाला आला. तो कामात असला की मुकादम त्याच्या डोक्यावर बसेल म्हणून दोघांना पुढच्या खोलीत कोंडले. स्वयंपाकघरात त्याने यंत्र उघडले, बंद केले, बटण दाबले. माझ्याकडे बघितले. पुन्हा दाबले.

'बाई, वाजतेय की.'

'काय वाजतेय?'

'शिट्टी. ही काय. आत्ता वाजली ना!'

मी म्हटले, 'थट्टा करू नका.' त्याने पुन्हा दाबले. त्याचा चेहरा बदलला. मऊ झाला. मला तो मऊ चेहरा अजिबात आवडला नाही. मग म्हणाला, 'त्यांना सोडा तरी बाहेर. मी आल्यापासून भुंकून भुंकून घसा फुटला असेल त्यांचा.'

'कोण भुंकतंय?'

त्याने बंद दाराकडे बोट दाखवले. मी जाऊन पुढच्या खोलीचे दार उघडले. ठिणगी दाराशीच उभी होती, मान वर, अंग थरथरत, तोंड उघडे. आणि दार उघडल्यावर, हाताच्या अंतरावरून, मला तिचा आवाज आला.

दुरुस्तीवाला पाणीही न पिता गेला. 'यंत्र ठीक आहे बाई,' एवढेच.

२१ मार्च, शुक्रवार

कान तपासून आले. काचेच्या खोलीत बसवले, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. मी दाबत होते, मग बराच वेळ काहीच आले नाही. मला वाटले तपासणी थांबली. थांबली नव्हती.

तपासणारी मुलगी नीट समजावत होती. खालच्या पट्टीतले ठीक. उंच पट्टीतले दोन्ही कानांनी जवळजवळ गेलेले. 'वर्षानुवर्षं हळूहळू जातं, मावशी, माणसाला पत्ता लागत नाही. लोक पुटपुटतात असं वाटायला लागतं.' तिने आलेख दाखवला. रेघ सरळ येते, आणि मध्यावर कड्यावरून पडल्यासारखी खाली.

ठिणगीचा आवाज कड्याखालचा. मुकादमाचा खालच्या पट्टीतला, पण आतल्या खोलीपर्यंत पोचता पोचता तोही मरतो. आणि नऊ ते तीन मी आतल्या खोलीत टेबलाशी बसलेली. समोर वही. शेजारी घड्याळ!

प्रयोगशाळेत दर सोमवारी सकाळी पहिले काम एकच – पीएच मीटर आम्लता आधीच माहीत असलेल्या द्रावणात बुडवून बघायचे. उपकरण खरे बोलते आहे का ते आधी. मग नमुने. एका मुलीने एकदा ते न करता तीस नमुने तपासले, मी तिला सगळेच्या सगळे पुन्हा तपासायला लावले. रडली होती. मी म्हटले होते, रडा, पण करा.

२३ मार्च, रविवार

दोन दिवस कुणाला काही बोलले नाही.

हिशेब सोपा आहे. नर्सच्या १७१ नोंदी म्हणजे दिवसाला बारा. मर्यादा दहा. खरे सांगितले की निर्णय उलटतो आणि कुत्री जातात. गप्प बसले की कुत्री राहतात. विचारणारे कुणी नाही. माझ्या सहीवर कुणी शंका घेत नाही.

मुकादम आत्ता माझ्या पायांवर झोपला आहे. झोपेतही मिशा हलतात. कुणाच्या तरी कामात चूक काढत असेल.

२४ मार्च, सोमवार

आज दिवसभर पुढच्या खोलीत बसून त्यांच्याकडे बघत राहिले. कानाने नाही, डोळ्याने. आणि कळले!

जिन्यात कुणी आले की ठिणगी एकदा भुंकते आणि माझ्याकडे वळून बघते. मी उठले तर तिचे काम संपते. मी उठले नाही तर पुन्हा. मग मुकादम येतो, तो सुरू करतो. दोघे एकदा भुंकतात, एकदा माझ्याकडे बघतात. कुणीतरी दाराशी आहे, आणि ही बाई का उठत नाही? टेरियरला सोडून देणे माहीत नाही. ऐकेपर्यंत सांगत राहायचे.

म्हणजे ती जास्त भुंकतात ती माझ्यामुळे. चार वर्षांपूर्वी इतकी भुंकत नव्हती. मला मात्र त्यांचे भुंकणे कमी झाल्यासारखे वाटे – वयाने शहाणी झाली आहेत.

दाराची घंटाही मला ऐकू येत नव्हती बहुतेक. मी दार उघडायची ते ह्या दोघांना धावताना बघून.

२६ मार्च, बुधवार

सचिवांना दिले – आलेखाची प्रत, समितीच्या वहीतल्या माझ्या सगळ्या पानांवर तिरकी रेघ व सही, आणि अर्ज: माझी नोंद ग्राह्य धरू नये, नर्सची धरावी, तिला दिलेली समज मागे घ्यावी.

'बाई, कशाला हे? मिटलं होतं की!' 'मिटलेलं नव्हतं. झाकलेलं होतं.' 'अहो पण कुत्री...' 'नियम वाचता येतो मला.'

मग खाली गेले. नर्सने साखळी लावूनच दार उघडले. तिथेच उभ्या उभ्या सांगितले. मला चूक कबूल करायची सवय नाही, त्यामुळे पाठ केलेल्या कवितेसारखे सांगितले. ऐकताना तिने साखळी काढली, आणि दाराला टेकून रडायला लागली.

'काकू, मी आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारलं हो. म्हटलं, मला भास होतात का तपासा. बैठकीनंतर. मला खरंच वाटायला लागलं होतं. रात्री सलाइनचा वेग बघताना तीन तीनदा मोजायची मी. वाटायचं, हे तरी खरं दिसतंय का.'

तीस नमुने पुन्हा तपासता येतात.

२ एप्रिल, बुधवार

श्रवणयंत्र आले. दोन्ही कानांत. जग कर्कश आहे! वर्तमानपत्र केवढे वाजते. नळ, पंखा, माझीच चप्पल. आणि ठिणगी – इतका पातळ, टोकदार, हट्टी आवाज, सुई टोचावी तसा. चार वर्षे हिच्याबरोबर राहिले आणि पहिल्यांदा नीट ऐकले.

पहिल्या भुंकण्याला उठले. दार बघितले, म्हटले, 'बघितलं, बस.' ती बसली. मुकादम चक्रावला. त्याला उरले काय!

समितीने निर्णय नर्सवर सोपवला आहे. ती म्हणाली, 'काकू, राहू देत. बघू या.'

९ एप्रिल, बुधवार

आठवड्याची नोंद, या वेळी तपासलेल्या उपकरणाने – दिवसाला सहा. मर्यादेच्या आत. सचिव खूश. भाऊ फोनवर, 'चला, सुटलीस!'

सुटले नाही. आता मला खालचे ऐकू येते. आज ११.२० – ठिणगी भुंकली, दोनदाच, मी लगेच उठले. आणि खाली पलंग करकरला. नळ सुटला. कपाटाचे दार. मग खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि पुढे दीड तास काही नाही. पडली असेल का झोपून? १२.५० ला ती खोकली, खुर्चीतूनच. झोपली नव्हती.

ती तक्रार करणार नाही. मीच तिची तोंड उघडायची सोय ठेवलेली नाही. दिवसाला सहा म्हणजे सहा वेळा जाग. रात्री तिच्या हातात कुणाचे तरी सलाइन असते.

ठिणगीला मात्र सहाचे शून्य करायला सांगता येणार नाही. ती टेरियर आहे. पाण्याला ओले असू नकोस म्हणण्यासारखे ते.

१३ एप्रिल, रविवार

ठरले. भावाला फोन केला. 'शनिवारी गाडी घेऊन ये.' 'नक्की ना, ताई?' 'दोनदा विचारू नकोस.' 'अंगणात घुशी आहेत हो, मुकादमाला काम मिळेल!' मी म्हटले, 'ते त्याला सांग.'

संध्याकाळी नर्सला वर बोलावले. म्हटले, शनिवारपासून आवाज येणार नाही. ठिणगी तिच्या मांडीवर चढली होती, आगाऊपणे, तिच्या बाहीचे बटण चघळत. नर्स तिच्या कानामागे खाजवत राहिली. मग म्हणाली, 'तुम्ही काय कराल हो, काकू?'

म्हटले, आधी चहा पी.

१८ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर आवराआवर. मुकादमाने प्रत्येक खोके आत शिरून तपासले.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी साडेदहा. सोपवले ते असे –

सचिवांना: पत्ता बदलल्याचे पत्र, नवीन फोन नंबर.

नर्सला: माझ्या घराच्या किल्ल्या, तीन. मागच्या खोलीत पलंग आहे, जाड पडदे आहेत, दुपारी ऊन येत नाही. हवे तेव्हा वर येऊन झोपावे.

भावाला: पेट्या चार, पुस्तकांची खोकी अकरा, कुंड्या उरल्या तेवढ्या.

सोपवली नाहीत: कुत्री, दोन. मागच्या सीटवर, माझ्या दोन्ही बाजूंना.