उकडलेल्या बटाट्यांचा महिना

सौ. वन्संना सप्रेम नमस्कार, आणि तुझ्या कमरेच्या हाडाला वेगळा नमस्कार. (अशी सुरुवात केली की तू चिडतेस हे ठाऊक आहे. पण एका बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला लग्नानंतर 'वन्सं' म्हणायला लावलं ते तुझ्याच आईने, तेव्हा तक्रार तिकडे.)

तुला आठवतं का, शाळेत प्रार्थनेच्या गाण्याचा सराव चालायचा, आणि सिस्टरांनी आपल्या दोघींना मागच्या रांगेत उभं करून बजावलं होतं, की तुम्ही फक्त ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही? सबंध वर्ष आपण ओठ हलवून गायलो. बक्षीस समारंभाला तुझा दादा तुला न्यायला सायकल घेऊन आला होता. दोघींची दप्तरं हँडलला अडकवून चालता चालता म्हणाला, की मागच्या रांगेतल्या त्या दोन मुली सगळ्यांत छान गात होत्या. हा मुलगा एक तर मूर्ख आहे किंवा फार चांगला आहे, असं मी त्या दिवशी मनाशी ठरवलं. पुढे इतकी वर्षं त्याच्याबरोबर संसार केला, तरी दोन्हींपैकी नक्की काय ते कळलं नाही. आता विचारायचीही सोय राहिली नाही.

हाड कसं आहे? डॉक्टर काठी घ्या म्हणतात तर घे. काठीने माणूस म्हातारा दिसत नाही, पडल्यावर दिसतो. आणि दादाला शेवटचं बघायला येता आलं नाही, हे दर फोनला बोलून रडू नकोस. बघण्यासारखं काही नव्हतं. झोपल्यासारखा दिसत होता, फक्त घोरत नव्हता. तेवढ्यावरूनच मला कळलं.

मी बरी आहे. जेवते, झोपते, दात घासते. पत्र लिहायला बसले आहे ते एका तक्रारीसाठी, आणि ती तुझ्याशिवाय कुणाकडे करता येत नाही, कारण बाकी सगळी माणसं त्या तक्रारीतच आहेत. गेला महिनाभर मला माझ्या घरात, माझ्या नवऱ्यासाठी, एकटीने धड रडता आलेलं नाही. आणि याला जबाबदार मीच आहे. नीट सांगते.

आमच्या पतसंस्थेत पूर्वी दुपारच्या सुट्टीत माणसं दर्जाप्रमाणे जेवायची. अधिकारी वरच्या खोलीत, कारकून खालच्या खोलीत, आणि वॉचमन, शिपाई, झाडणाऱ्या बाई जिन्याखाली. असा नियम कुणी केलेला नव्हता. धूळ साचते तसं ते साचलं होतं. मग आमच्या रेकॉर्ड रूममधल्या म्हाताऱ्या कारकुनांची आई गेली. ते रजेवर गेले, परत आले, कपाटांच्या मागे आपल्या जागेवर बसले आणि संस्थेत कुणाला पत्ताच नाही. पुढे केव्हातरी अध्यक्षसाहेबांनी जाता जाता विचारलं, आईची तब्येत कशी आहे? तर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आता काही त्रास नाही, साहेब." (साहेबांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, बरं का.) साहेबांना खरं काय ते संध्याकाळी कळलं. साहेब मनाने हळवे आणि आवाजाने दणदणीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून गरजले, "गावभर सहकाराच्या पाट्या लावतो आपण, आणि आपल्याच माणसाची आई गेलेली आपल्याला माहीत नाही! लाज वाटायला पाहिजे!" आणि तिथल्या तिथे 'आपलेपणा समिती' नेमली. प्रमुख मी. कारण काय, तर बाई कॉन्व्हेंटच्या आहेत, त्यांना शिस्त आहे.

शिस्त होतीच. आधी आम्ही सगळ्यांसाठी एक टेबल करून घेतलं. सुताराला सांगितलं, सगळे मावले पाहिजेत. त्याने माणसं मोजली, खोली मोजली नाही. टेबलाचं एक टोक दाराबाहेर व्हरांड्यात आलं. त्या टोकाला कोण बसणार यावर रुसवेफुगवे झाले, तेव्हा मॅनेजर म्हणाले, मी बसतो. ते जेवायला बसले की खातेदार त्यांनाच खिडकी समजून स्लिपा पुढे करतात. बिचारे डाव्या हाताने सह्या करतात. पण वन्सं, एक सांगते, वॉचमनने आपल्या डब्यातली चटणी पहिल्यांदा मॅनेजरांच्या पुढे सरकवली, त्या दिवशी मी घरी येऊन तुझ्या दादाला ते तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्याने पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

मग आम्ही दुःखाची नियमावली केली. कुणाच्या घरी माणूस गेलं, तर पुढे महिनाभर रोज संध्याकाळी संस्थेतलं एक जण त्या घरी जाऊन बसेल. अध्यक्षांपासून झाडणाऱ्या बाईंपर्यंत सगळ्यांची ड्युटी, कुणाला सूट नाही. जाताना डबा न्यायचा. डब्यात काय, यावर सभेमागून सभा झाल्या, कारण सगळ्यांना चालेल असंच हवं होतं. कॅशियरबाईंना अल्सर, म्हणून तिखट बाद. एकाला कांदा चालत नाही, एकीला दूध पचत नाही, रेकॉर्ड रूमच्या कारकुनांना दात नाहीत, आणि शिपाई म्हणाला दुःखात आंबट खाऊ नये, का ते त्याने सांगितलं नाही, पण त्याचंही ऐकायचं असं ठरलेलं होतं. ज्याने त्याने आपापलं वगळत वगळत शेवटी उकडलेला बटाटा बिनविरोध निवडून आला. मीठ ऐच्छिक.

पुढचा नियम बोलण्याचा. दुःखात आपल्याला कुठलं वाक्य टोचलं ते प्रत्येकाने सांगायचं, आणि ते वाक्य कायमचं बंद. 'सुटले बिचारे' बंद. 'खंबीर व्हा' बंद. 'काळ हेच औषध' तर टाळ्यांच्या गजरात बंद. अशी सगळी वाक्यं बंद झाली. मग बोलायचं काय, हे ठरवायचं राहून गेलं. आणि शेवटचा नियम, तो मी स्वतः हट्टाने घातला. गेलेल्या माणसाची खुर्ची रिकामी ठेवायची नाही, येणाऱ्याने त्याच खुर्चीत बसायचं. मला वाटलं, रिकामी खुर्ची माणसाच्या अंगावर येते. (किती शहाणी मी! तोवर एकही खुर्ची रिकामी झालेली नव्हती माझ्या घरात.)

तर या नियमावलीची पहिली लाभार्थी, तुझी वहिनी.

पहिल्या संध्याकाळी वॉचमन आला. गणवेशात. डबा टेबलावर ठेवला, दादाच्या खुर्चीत ताठ बसला आणि खिडकीतून रस्ता बघायला लागला. बोलायची वाक्यं सगळी बंद, आणि गप्प राहणं त्याला माणुसकीला धरून वाटेना. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मॅडम, एक पांढरी गाडी गेली." मी बरं म्हटलं. थोड्या वेळाने, "कुत्रं आलं." मग, "गेलं." असा तो अंधार पडेपर्यंत रस्त्याची खबर देत बसला. माझ्या डोळ्यांत पाणी जमलं होतं, पण दर वेळी ते गळायच्या बेतात आलं की रस्त्यावरून काहीतरी जायचं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरची मुलगी. ती दारातच माझ्या गळ्यात पडून जी रडायला लागली, ती थांबेचना. मी तिला पाणी दिलं, तोंड धुवायला लावलं, तिनेच आणलेला बटाटा तिला भरवला आणि रिक्षात बसवून दिलं. जाताना म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे आल्यावर खूप हलकं वाटलं."

मॅनेजरांना तर बोलण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, कारण ऑफिसचा विषयही मीच बंद केलेला. ते खुर्चीतून उठले आणि भांडी घासायला लागले. आयुष्यात कधी घासली नसावीत. दादाचा चहाचा मोठा मग होता ना, त्याचा कान त्यांनी तोडला. मग दोन्ही हातांत मग आणि कान घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे, चेहरा असा की आता यांचं सांत्वन कोण करणार! मीच केलं. बंद वाक्यांपैकी दोन वापरली.

आणि वसुली अधिकारी! त्यांना तू पाहिलेलं नाहीस. मिशा, आवाज, चाल, सगळं कर्जदारांसाठी बनवलेलं. ते संस्थेची जीप घेऊन आले आणि सवयीने दार असं ठोठावलं की खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर धावल्या. जीपवर मोठ्या अक्षरांत 'वसुली पथक' लिहिलेलं. वहिनींनी मला आत ओढलं आणि कानात म्हणाल्या, "काही काळजी करू नका. टीव्ही आमच्याकडे ठेवा. मागच्या जिन्याने नेऊ." तुझा दादा असता तर पोट धरून हसला असता, आणि वर म्हणाला असता, टीव्ही नको, हिलाच न्या.

त्याच दिवसाचं आणखी एक आहे. लिहू की नको करत होते. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर खुर्चीतून खोकल्याचा आवाज आला. तुझ्या दादाचा खोकला तुला माहीत आहे, एकदा कोरडा आणि मग दोनदा खोल. हुबेहूब तसा. आणि मी, वन्सं, क्षणभरही न थांबता ओरडले, "आणते रे पाणी, जीव नको खाऊस!" पेला घेऊन बाहेर आले, तर खुर्चीत वसुली अधिकारी. मग त्यांनी पेला घेतला, सगळं पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, आम्हाला पाणी कुणी विचारत नाही हो. दार लोटून घेतात." मी म्हटलं, आणखी आणू का? ते म्हणाले, आणा. मी आणलं. तेही प्यायले. तहान नव्हती, मला दिसत होतं. तरी तिसरा पेलाही प्यायले.

तर असं चाललं आहे. घरात बटाट्यांचा वास बसला आहे. मी कपडे बदलायला आत गेले तरी बाहेरून कुणीतरी विचारतं, बरं आहे ना? कपाट उघडून दादाचे शर्ट नुसते हातात घ्यायचे म्हटलं, तरी निवांतपणा नाही. पण आता संपलंच. येत्या शनिवारी महिना भरतो. शेवटची ड्युटी रेकॉर्ड रूमच्या कारकुनांची आहे. त्यांच्यानंतर दाराला कडी लावेन, मनसोक्त रडेन, आणि रविवारी उशिरा उठेन. सुटले एकदाची. तू माझी काळजी करू नकोस, हाडाची कर.

तुझी,
वहिनी (त्याआधीची बाकावरची शेजारीण)

ता. क. काल पाळीवर असलेल्या शिपायाला ताप आला, म्हणून कुणीच आलं नाही. म्हणजे कडी लावून रडायची रंगीत तालीमच. मी तयारीने बसले. दिवा लावला. खुर्ची समोर होती. रडू आलं नाही. मग मी खिडकीशी गेले आणि बराच वेळ रस्ता बघत राहिले. एक टेम्पो गेला. सांगायला कुणी नव्हतं.

आणखी ता. क. खरं काम आता लिहिते. आमच्या नियमावलीत मुदत वाढवून घेता येते. पण त्यासाठीचा अर्ज दुःखातल्या माणसाने करायचा नाही, जवळच्या नातेवाइकाने करायचा. हे कलमही माझंच. कुणाला आपल्या तोंडाने मागायला लागू नये, असा माझा उदात्त हेतू होता. आता माझ्या बाजूने जवळचं असं तुझ्याशिवाय कोण आहे? तेव्हा तू अर्ज कर. मी सांगितलं असं मुळीच लिहू नकोस. 'फोनवर वहिनीचा आवाज ठीक वाटत नाही' एवढं लिही, ते खोटं नाही. शनिवारच्या आत पोचला पाहिजे. अर्ज अध्यक्षसाहेबांच्या नावे, एक प्रत मॅनेजरांना. मला प्रत नको, मला काही माहीतच नाही.

शेवटचा ता. क. साहेबांनी मुदत नाकारली, तर अर्जाला जोडून हेही लिही, की मयताच्या बहिणीच्या इच्छेप्रमाणे त्याच्या वस्तू पुढीलप्रमाणे द्याव्यात, आणि ज्याने त्याने त्या स्वतः घरी येऊन, वेगवेगळ्या दिवशी घेऊन जाव्यात. वॉचमनला राखाडी स्वेटर. बाही उसवली आहे, ती मी त्याला समोर बसवून शिवून देईन. काउंटरवरच्या मुलीला शाईचं पेन. ते कसं भरायचं हे तिला शिकवावं लागेल, एका दिवसात जमणार नाही. वसुली अधिकाऱ्यांना छत्री. रेकॉर्ड रूमच्या कारकुनांना मफलर आणि दादाचा बुद्धिबळाचा पट. खेळायला दुसरं माणूस लागतं, हे त्यांना कळेलच. घड्याळ तुला, ते टपालाने पाठवणार नाही, हाड बरं झालं की येऊन ने. चष्मा कुणालाच नाही, तो माझ्याकडे राहील. आणि मॅनेजरांना दादाची पुस्तकं, सगळी. मात्र एका वेळी एकच न्यायचं, आणि ते वाचून झालं की परत आणून दुसरं.