कन्या एक

लक्ष्मी गेट, झाशी
गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस

प्रिय इरा,

उत्तराला फार उशीर झाला, बेटा, रागावू नकोस. "नानाजी, किताब आली का?" असं तू उन्हाळ्यात विचारलं होतंस. किताब तेव्हाच आली होती. काय लिहावं या घोरात मीच बसलो. तुला मराठी वाचायला जड जातं, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. अडलं तर आईला फोन कर, दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस.

पुण्याच्या आपल्या कुळमंडळाने कुळवृत्तांत छापला. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. आपली झाशीची शाखा अर्ध्या पानात उरकली आहे. शेवटी मी: गजानन. पत्नी जानकी. कन्या एक. शाखा समाप्त. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तुझी नानी लग्नात जानकी झाली खरी, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारली नाही. जाईपर्यंत ती इंदूच होती. आणि तुझ्या आईला तर नावच नाही. कन्या एक! जशी गोठ्यात गाय एक.

मंडळाचे चिटणीस यज्ञेश्वरराव फोनवर म्हणाले, "काका, मुलीचा वंश सासरी मोजतात, प्रथाच आहे." मला राग आला की तोंडातून हिंदी सुटते. म्हटलं, "भैयाजी, मैं अभी ज़िंदा हूँ, समाप्त कैसे?" त्यांनी फोन ठेवला. सातवी शिकलेल्या म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार! तुझी आई रेवतीही म्हणते, "बाबा, रहने दो ना." का रहने दूँ?

बबीना गावाच्या पुढे आपल्या मूळ पुरुषाची, नारायणरावांची समाधी तुला आठवत असेल. कोकणातून इकडे देवळाच्या पूजेला आले ते. दर सर्वपित्री अमावास्येला तिथे उभं राहून त्यांच्यापासून खाली सगळी नावं खणखणीत म्हणायची, हातात कागद न घेता, ही आपल्या घरची रीत. लहानपणी तू माझ्या खांद्यावर बसून ऐकायचीस आणि शेवटी ओरडायचीस, "और मैं?" गावातली माणसं पोट धरून हसायची.

परवा अंघोळीच्या वेळी म्हणून पाहिलं, तर पणजोबांपाशीच अडलो. साबण हातात, आणि नाव काही येईना. फार घाबरलो.

म्हणून सदर बाजारातला पाथरवट गाठला आणि समाधीशेजारी नवी शिळा उभी केली. मंडळाला विचारलं नाही, विचारणारही नाही. सगळी नावं घातली, बायकांची माहेरचीसुद्धा, जेवढी सापडली तेवढी. खाली गजानन, इंदू. त्याखाली रेवती, ठळक. झोप मात्र उडाली आहे. कोणी काळं फासलं तर? फासू दे. घासून काढीन.

रेवतीच्या खाली जागा कोरी आहे. पाथरवट रोज विचारतो, "पंडितजी, बिटिया का नाम डाल दें?" मीच त्याला थांबवलंय. तुला न विचारता मंडळाने 'समाप्त' छापलं. तुला न विचारता मी 'इरा' कोरलं, तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? तेवढं विचारायलाच हे पत्र. तुझं नाव तिथे हवं का? वडिलांचं परिहार आडनाव लावून, की नुसतं? आणि यंदा सर्वपित्रीला येशील का? मी सुरुवात करीन. जिथे अडेन तिथून पुढे तू म्हण. नको असेल तर नको म्हण, मी रुसणार नाही. पण लवकर कळव, बेटा. छिन्नी थांबली आहे.

तुझाच,
नानाजी