एकाच हाकेवर दोघी

कारंजा, मंगळवार, संध्याकाळ

संत्र्याच्या बागेसाठी मी जुळवलेला दोन सेन्सरचा बोर्ड आजही भलतंच तापमान दाखवून राह्यला. दोन्ही सेन्सरले बोलायच्या वायरी त्याच दोन. एक ताल धरते, दुसरीवरून बोलणं चालतं. बोर्ड ज्याचा पत्ता, म्हणजे ठरलेला नंबर, पुकारेल, त्याच सेन्सरनं ओ द्यायची. मग घोळ काऊन?

तेवढ्यात सासूबाईंची हाक आली, "सूनबाई, चाय मांडजो." मी आणि जाऊबाई, दोघींनी एकदमच ओ दिली. तिथंच कळलं. दोन्ही सेन्सरचा पत्ता एकच होता. एकाची पत्ता ठरवणारी पिन दुसरीकडं जोडली, आकडे सुधरले.

तरी चैन नाई. लग्न झाल्यापासून या घरात मले नावानं कोणी बोलावलंच नाई.

आत्ता पुन्हा हाक आली, "सूनबाई." मी ओ दिली नाई. लिहून राह्यली.