नऊ कडव्यांचं स्तोत्र

ओडेन्से, ९ जानेवारी २०११

ती. गेर्डाताईस,
एलीचा सा. न. वि. वि.

काल तू पुन्हा बोलता बोलता फोन ठेवलास. मी माझ्या सिग्नेच्या लग्नाचा विषय काढला आणि तुझ्याकडून खाडकन बंद! मी काय दारावर आलेली विक्रेती आहे का ग? माझ्या साठीला आली नाहीस, नाताळला आली नाहीस. कारण काय, तर म्हणे बस लागते. जी बाई जन्मभर त्याच बसने येऊन माझ्या घरचं बदक फस्त करून गेली, तिला आता बस लागते!

आणि आता सिग्नेला तुझी चिठ्ठी, की बोटं आखडतात, मेमध्ये लग्नात ऑर्गन वाजवणं जमणार नाही. ताई, तिच्या बाबाच्या मातीला तूच वाजवलंस. कबरीपाशी तिला पोटाशी धरून तूच म्हणालीस की तुझ्या लग्नात असं वाजवीन की त्याला वर ऐकू जाईल. पोरीने ते मनात धरून ठेवलंय. इथली मोठमोठी चर्च सोडून तिला तुझ्याच गावचं चर्च हवं आहे, ते काय तिथल्या ओलीसाठी? कालपासून डोळे सुजवून बसलीय.

तुमची बेकरीवाली मला भलतंच सांगत होती. गेर्डा हल्ली घेते म्हणे, स्तोत्राची कडवी गाळते आणि प्रार्थना चालू असताना ऑर्गनच्या माळ्यावरून गायब होते. मी तिची चांगली खरडपट्टी काढली. पण ताई, घेतेस का? घेत असलीस तर मला सांग, मी ओरडणार नाही. म्हणजे ओरडेन, पण येईनही.

कळावे. लोभ आहेच, सध्या राग त्याहून जास्त आहे.
तुझी एली


वेस्टरहोल्म, १५ जानेवारी

चि. एलीस,
अ. उ. आ.

घेत नाही. घेत असते तर बरं झालं असतं, दारू सोडता तरी येते.

मला हगवण लागली आहे. लिहिलं एकदाचं. दीड वर्ष झालं. साधी नव्हे, नुसतं पाणी, आणि येते ती विचारून येत नाही. दिवसातून आठ-दहा वेळा पळायचं, रात्री उठायचं ते वेगळंच. फोन म्हणूनच आपटते. 'थांब हं, संडासला जाऊन येते' असं म्हणण्याइतकाही वेळ नसतो ग.

पहिल्या डॉक्टरने कॅमेरा घालून पाहिलं आणि सगळं ठणठणीत आहे म्हणाला. मन रमवा म्हणाला. मी चिडून दुसरीकडे गेले. तिथल्या बाईंनी त्या ठणठणीत आतड्याचेच बारीक तुकडे काढून दुर्बिणीखाली पाहिले, तेव्हा सूज सापडली. मायक्रोस्कोपिक कोलायटिस म्हणतात. आपल्या वयाच्या बायकांना फार होतो. कॅन्सर नाही, याने मरणार नाही असं त्यांनी दोनदा सांगितलं. मरणार नाही, नुसती कोंडून पडणार! गुडघ्याच्या गोळ्यांवर त्यांचा संशय आहे, त्या बंद केल्या. माझे चुरूट बंद. कॉफीही जवळजवळ बंद. या देशात कॉफीला नाही म्हणणारी बाई कोणाच्या घरी जाणार, तूच सांग. आता मी कोणाकडे जात नाही. बसमध्ये संडास नाही, म्हणून तुझ्याकडे येत नाही.

आणि माळा! चक्री जिना, खाली दार उघडतं ते बरोब्बर सगळ्यांच्या पाठीशी, आणि संडास कब्रस्तानाच्या पलीकडे फाटकापाशी. लाकडी बूट घातले तर जिन्यावर खाडखाड वाजतात, म्हणून मी नुसत्या मोज्यांनी बर्फातून पळते. आक्सेल पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की गावकरी जांभया देतात, मी देवाचे आभार मानते. प्रवचनात भागलं नाही की कडवी गाळते. लोक हातातल्या पुस्तकात बघून गातच राहतात आणि मग माना वळवून वर बघतात.

लग्नात हे व्हायला नको. सिग्ने दारातून आत येत असताना मी उठून पळाले तर? तिला बोटांचंच सांग. बाकीचं सांगितलंस तर तुझं तोंड पाहणार नाही.

कळावे. हे पत्र चुलीत घाल, लोभ मात्र ठेव.
तुझी ताई


ओडेन्से, २० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अग वेडे! दीड वर्ष? तुझ्या पत्रावर मी आधी रडले, मग त्या मोज्यांवर हसले, मग हसले म्हणून पुन्हा रडले. न्यूमोनिया झाला असता म्हणजे? गावाने दारुडी म्हटलेलं चालतं, पण पोट बिघडलंय म्हणायला जीभ रेटत नाही. धन्य आहे तुझी!

सिग्नेला सांगितलं. हो, सांगितलं. तोंड पाहू नकोस, लग्नात पाठ करून बैस, ऑर्गनवाल्यांची पाठच असते. ती म्हणाली की मग मावशीने बरं व्हावं, मे अजून लांब आहे. नवं औषध काही देतात का, ते विचार.

कळावे. लोभ दुप्पट झाला आहे.
एली


वेस्टरहोल्म, ११ एप्रिल

चि. एलीस,
अ. उ. आ.

ब्युडेसोनाइड नावाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्या लागू पडल्या, हे तुला मार्चमध्ये कळवलंच. काय दिवस होते ते! एक दिवस तर उगाच बसने पुढच्या गावाला गेले, केक खाल्ला आणि परत आले. काही काम नव्हतं. जाता येतं म्हणून गेले.

आता डोस कमी केला आणि ते परत आलं, आणि कालच्या रविवारी जिना उतरेपर्यंतसुद्धा धीर धरवला नाही. याहून जास्त लिहीत नाही. घरी येऊन कपडे धुतले आणि जमिनीवरच बसून राहिले. गोळ्या पुन्हा वाढवल्या आहेत, पण त्या लागायला दिवस जातात आणि मेची सात तारीख थांबायची नाही. एली, मी थकले. पासष्टाव्या वर्षी माझं जग संडासापासून हाकेच्या अंतरावर येऊन ठेपलंय. शेजारच्या गावच्या ऑर्गनवाल्याशी मी बोलले आहे, तो येईल. मुलगा बरा आहे, पायाने वाजवायच्या पट्ट्यांवर जरा कच्चा आहे.

सिग्नेला म्हणावं, मावशी शब्दाला जागली नाही.

कळावे, लोभ असू दे. मी त्याला लायक नाही आज.
ताई


ओडेन्से, १४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या कच्च्या पायाच्या मुलाला मी फोन करून नको म्हणून सांगितलं. चिडायचं तितकं चिड.

आता नीट वाच. सिग्नेने आक्सेल पाद्रीबाबांना गाठलं. ते म्हणाले, इतकंच होतं होय, मला वाटलं माझ्या प्रवचनाला कंटाळून जाते! शपथांच्या नंतर त्यांनी नऊ कडव्यांचं स्तोत्र घातलं आहे. तुमच्या चर्चमधल्या फळ्यावर स्तोत्राचा आकडा लागेल, पुस्तकं सगळ्यांच्या हातात असतील. पहिलं कडवं तू वाजवायचंस. उठावंसं वाटलं की उठायचंस. फाटकापाशी संडासाची किल्ली दारालाच असेल. पुढचं मी बघते.

आणि लाकडी बूट घाल. मोज्यांनी पळालीस तर माझ्याशी गाठ आहे.

कळावे. लोभ आहे, आणि तो हुकूम समजावा.
एली

ता. क. मी बघते म्हणजे मी गाते. लहानपणी चर्चच्या गाण्यांना तू मला कोपराने ढोसून म्हणायचीस, 'एले, तू नुसतं तोंड हलव.' ते दिवस गेले.


वेस्टरहोल्म, ९ मे

चि. एलीस,
अ. उ. आ.

तुम्ही काल सगळे गेलात आणि गाव सुनं झालं. जेवणाच्या वेळी मला दाराशेजारची खुर्ची ठेवलीस, ते मी पाहिलं. तिथून दोनदा उठले आणि कोणी मान वळवली नाही, तेही पाहिलं. आज पुन्हा तेच चालू आहे, सकाळपासून चार वेळा. तेव्हा बरी झाले असं समजू नकोस. गोळ्या आणि मी, आमचं अजून जुळायचं आहे.

पण तुला एक सांगायचं राहिलं. सिग्ने आत येईपर्यंत मी दात आवळून वाजवलं. शपथा झाल्या, स्तोत्राचं पहिलं कडवं वाजवलं आणि दुसऱ्याच्या मध्यावर कळ आली. मी उठले. बूट खाडखाड वाजले, अख्ख्या चर्चने ऐकले असणार. दार उघडताना ऑर्गन गप्प, लोक गोंधळलेले, एकेक आवाज विझत चाललेला. मला वाटलं, झालं, नाक कापलं पोरीचं. आणि तेवढ्यात तुझा आवाज आला. एली, काय ग तो आवाज! ना सूर ना ताल, म्हशीसारखा दणदणीत. तुझ्यामागून सिग्ने, मग पाद्रीबाबा, मग सगळेच. कब्रस्तानातून पळताना, आत बसल्यावर भिंतीतून, कडव्यामागून कडवं मला ऐकू येत होतं. तिच्या बाबाची कबर वाटेतच आहे. त्यालाही आलंच असेल ऐकू.

मी परत माळ्यावर चढले तेव्हा आठवं चालू होतं. म्हटलं, आता साथ धरावी. पण पांढरी दोनच्या सुरात सुरू केलेलं स्तोत्र तुम्ही काळी एकच्याही खाली ओढून नेलं होतंत. ऑर्गनला हात लावला असता तर सगळं विस्कटलं असतं. म्हणून हात मांडीवर ठेवून बसले. चाळीस वर्षं या माळ्यावर आहे, पण गाव गातं कसं हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

नववं कडवं तुम्ही गायलात. मी नुसतं तोंड हलवलं.

कळावे, लोभ असाच ठेव. फोन केलास आणि मी मध्येच ठेवला, तर खुर्ची ओढून बैस. मी येतेच.
तुझी
गेर्डाताई