उजेड दाखवा

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे कागदावर. फोन लागला की तुझा तो मालिकेतल्या अंतराळयानाच्या कप्तानाचा आवाज सुरू होतो, मला आधी हसू येतं, मग राग येतो, आणि मुद्दा राहतो बाजूला. कागदाला मध्येच तोडता येत नाही. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

कपाळाची जखम कशी आहे? कपाटाचं दार लागलं म्हणालास. बरं. दारं जरा जपून उघडत जा.

मी मजेत आहे. दिग्दर्शकाने घरी बसवल्यापासून पडदे धुतले, डबे घासले, आता माळा आवरायचा म्हणतेय. शेजारीण विचारत होती, तुमची ती मालिकेतल्या बंदुका सांभाळायची नोकरी सुटली का हो? म्हटलं, सुटली नाही, अडली आहे. त्या माणसाला माझा राग कशाचा, तर गोळी झाडायच्या प्रत्येक प्रसंगाआधी मी काम थांबवते याचा. वरचं प्लास्टिकचं कवच स्क्रू काढून उतरवायचं, बंदूक मागून उघडायची, आणि जो नट नळीसमोर उभा राहणार त्यालाच बोलावून मागच्या बाजूने डोळा लावायला सांगायचं. पलीकडचा उजेड स्वच्छ दिसला, की मगच नुसत्या आवाजाचं काडतूस मी माझ्या हाताने भरणार. तो म्हणतो, बाई, ही अंतराळातली किरणबंदूक आहे, किरण आपण नंतर संगणकावर काढतो, यात तपासायचं काय? म्हटलं, किरण असेल संगणकावरचा. पण नटाच्या तोंडावर झोत खरा हवा, त्याचं दचकणं खरं हवं, म्हणून तुम्हीच कवचाच्या आत खरं लोखंड मागितलंत आणि खरी दारू मागितलीत. त्या लोखंडाला कुठं ठाऊक आहे आपण कुठल्या शतकात आहोत ते. सगळे हसले. तो हसला नाही, आणि दुसऱ्या दिवशी मला आराम करायला सांगण्यात आलं.

तू तिथेच होतास. खांद्यावर चंदेरी पट्ट्या, छाती पुढे, आणि म्हणालास काय, तर ताई, जरा समजून घे ना, वेळ जातो. अरे, तुझी सगळी कप्तानकी माझ्या एका वाक्यावर उभी आहे. पहिल्या वर्षी मालिकेचा लेखक माझ्या खोलीत चहाला येऊन बसायचा, मी नटांवर ओरडायचे ते ऐकायचा, आणि एक दिवस माझं ‘उजेड दाखवा’ उचलून त्याने सरळ तुझ्या तोंडी घातलं. यानावर कुणीही शस्त्र बाहेर काढलं की कप्तान हात वर करून हा हुकूम देतो, आणि समोरचा केवढाही मोठा अधिकारी असो, शस्त्र उघडून दाखवतो. आमच्या गल्लीतली पोरं पाण्याच्या बंदुकांनी खेळतानासुद्धा आधी उघडून दाखवतात. परग्रहाच्या राजदूताला अडवलंस तू, सेनापतीला अडवलंस. त्या दिग्दर्शकापुढे मात्र तुझी दातखीळ बसली. मला फार वाईट वाटलं, हे तुला कळायला हवं.

तसा मरायची हौस तुला लहानपणापासूनच. आठवतं का, आपण जिन्यात लढायचो ते? मी झाडू रोखून तोंडाने ठो करायचे, आणि तू मरायला इतका वेळ घ्यायचास की खालच्या मजल्यावरची माणसं बघायला वर यायची. छाती धरून पायरीपायरीने गडगडायचास, वाटेत प्रत्येकाचा निरोप घ्यायचास. आई स्वयंपाकघरातूनच सांगायची, मेला असशील तर हातपाय धू आणि जेवायला ये. की लगेच उठून पळायचास. नट होणार हे आईला तेव्हाच कळलं असणार.

काल मेकअपवाली आली होती. माझा डबा परत द्यायला म्हणून आली आणि चहा पुढे ठेवल्यावर रडायलाच लागली. कपाटाबिपाटाचं दार नव्हतंच म्हणाली. मी नसताना त्यांनी रंगवायला गेलेली एक बंदूक परस्पर आणली, कुठून तरी काडतूसही मिळवलं, आणि तालमीत ती तुझ्यावर झाडली. किरणबंदूक वाटावी म्हणून नळीच्या तोंडाशी निळी काच चिकटवली होती. ती फुटली आणि तुकडा तुझ्या भुवईच्या वर बसला. रक्त पुसता पुसता तू तिला म्हणालास, ताईला सांगू नकोस. मागून कुणी एकदा डोळा लावला असता ना, तर उजेड निळा दिसला असता. एवढंच तर बघायचं असतं. ती गेल्यावर मी आधी सेटवरच्या बंदुकांच्या कपाटाची चावी काढून गळ्यात घातली.

उद्या कप्तान मरणार. तुझाच अधिकारी तुझ्यावर बंदूक रोखणार, आणि कपाटाची चावी आणायला ते आज तुलाच माझ्याकडे पाठवणार आहेत, हेही मेकअपवालीनेच सांगितलं. येऊ नकोस. परवाना माझ्या नावावर आहे, चावी माझ्या गळ्यात आहे, आणि ती मी तुलासुद्धा देणार नाही. उद्या मीच येते, न बोलावता येते. मी कपाटापुढे उभी राहीन आणि तू सगळ्यांदेखत, त्याच आवाजात, मला हुकूम द्यायचास. एवढं सांगायलाच हे पत्र लिहून सकाळीच तिच्या हाती धाडतेय. हुकूम दिलास, तर कवच उतरवीन, तुला डोळा लावायला लावीन, आणि मग हवा तितका वेळ घेऊन मर. त्यानंतर मला कायमचं काढायचं तर काढू देत, माळा अजून आवरायचा आहेच. नाही दिलास, तर मी चावी घेऊन घरी परत. मग दिग्दर्शकाला सांग, कप्तानाला झाडूने मारा. ती पद्धत माझ्या ओळखीची आहे. तिच्यात तू रोज मरायचास आणि रोज हातपाय धुऊन जेवायला यायचास.

तुझीच, कपाटापुढून न हलणारी,
ताई