चटणीपायी विलगीकरणवास

कसबा बावडा, कोल्हापूर
मे महिना, २०२१ (तारीख विचारू नका. हल्ली आमच्याकडे सगळे वार रविवारच असतात, फक्त रविवारची सुट्टी कुठल्याच वाराला नसते.)

आदरणीय अक्का,

यशोधराचा सविनय जयभीम. तुमचे गुडघे, तुमचा रक्तदाब आणि तुमची म्हैस हे तिघेही एकमेकांशी जुळवून घेऊन असतील अशी आशा करते. आम्ही इकडे खुशाल आहोत. म्हणजे तुमचे बंधुराज खुशाल आहेत, आणि ते खुशाल असले की घरातल्या बाकीच्यांनी खुशाल असायची पद्धत आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. एक तर तुम्ही फोन उचलत नाही. उचललात तर 'बरी हाय' एवढं बोलून ठेवता, आणि त्या 'बरी'वर माझा विश्वास नाही. दुसरं म्हणजे आमच्या घरात मनातलं बोलायला जागाच उरलेली नाही. स्वयंपाकघरात सूनबाई संघप्रिया मोबाईलवर पाचवीचा वर्ग घेते. बाहेरच्या खोलीत तुमच्या भाच्याचं, नागसेनचं ऑफिस भरतं. अंगणात तुमचे बंधुराज खुर्ची टाकून बसतात आणि कुणाचाही फोन वाजला की 'कुनाचा हाय?' म्हणून विचारतात. राहता राहिली न्हाणी. तिथे बोललेलं इतकं घुमतं की परवा मी माझ्या बहिणीला हळूच काही सांगितलं, त्याचं उत्तर मला पलीकडच्या घरातून आलं. म्हणून हे पत्र मी गच्चीवर बसून लिहितेय. सांडगे वाळत घातलेत, त्यांची राखण करायला वर आलेय असं खाली सांगितलंय. (कावळे दोन सांडगे घेऊन गेले. जाऊ देत, त्यांनाही लॉकडाऊनच आहे.)

बंधुराजांबद्दल तक्रार करायची म्हणून नव्हे, पण बहीण म्हणून तुम्हाला माहिती असावी. कारखान्याच्या वजनकाट्यावर सगळी नोकरी काढलेला हा माणूस. रिटायर झाल्यावर कट्ट्यावर बसेल, मित्रांत रमेल असं मी धरून चालले होते. तेवढ्यात ही साथ आली, कट्टा बंद झाला आणि काटा घरात आला. आता ते कणीक वजन करून बघतात. कुकरच्या शिट्ट्या मोजतात. गॅस मोठा का, तेल एवढं का, फोडणी आधी का, सगळ्याची चौकशी. परवा तर 'कढीपत्ता कुठं हाय' असं विचारत बनियनवर थेट संघप्रियाच्या वर्गात शिरले. चाळीस पोरांनी एका सुरात 'नमस्ते आजोबा' म्हटलं. त्यावर लाजून परत यावं की नाही? हे तिथे उभे राहिले आणि पोरांना पाढे विचारायला लागले. घरात राहा, सुरक्षित राहा, असं सरकार सांगतं. सरकारला स्वयंपाकघर नसतं, त्याचा हा परिणाम.

आता खरं सांगायचं ते. मागे आपला दुधाच्या गाडीवरचा ज्ञानू कोडोलीहून तुमचा निरोप घेऊन आला. 'यंदा वर्साच्या चटणीत माझा वाटा धरू नका म्हणावं, एकट्या मानसाला लागतीया किती.' अक्का, मी तेव्हा भाकरी भाजत होते, ती तव्यावरच करपली. दाजी गेले तेव्हा रस्ते बंद होते. पुण्यानुमोदनाला मोजक्या माणसांचीच परवानगी होती आणि त्यात आम्ही नव्हतो. आम्ही इथे मोबाईलच्या पडद्यावर तुमचं खाली घातलेलं डोकं बघितलं, आणि रेंज गेली तसं तेही दिसायचं बंद झालं. तुमच्याजवळ येऊन चार दिवस बसायला हवं होतं. ते राहिलं, आणि ते मला अजून सलतंय. पण मी मनाची समजूत घातली होती की उन्हाळा लागला की अक्का दरवर्षीसारख्या मिरची घेऊन बावड्याला येतील, मग बसू. आणि तुम्ही निरोप पाठवता चटणी नको म्हणून. आंब्याच्या फोडीलासुद्धा चटणी लावून खाणारी आमची अक्का असा निरोप धाडते, याचा अर्थ मला कळला. मला तो मुळीच आवडला नाही.

म्हणून मी तुमचं ऐकलं नाही. दोन्ही घरांच्या चटणीचा घाट घातला. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, सगळं तुमच्या मापानं. गच्चीवर चूल मांडून मिरची भाजली. एरवी अशा वेळी सगळी गल्ली खोकते आणि खोकता खोकता 'यशोधराबाई, आमास्नी बी वाटीभर ठेवा' म्हणून ओरडते. यंदा मी पहिला घाणा टाकला आणि धडाधड खिडक्या लागल्या. समोरच्यांनी तर दारात फवारणी केली. काळ बदलला की मिरचीलाही संशयाने बघतात.

कांडायला खतिजाभाभीकडे गेले. तुम्हाला भाभीचा मिरची कांडायचा डंक माहीत आहेच, घरामागच्या पत्र्याच्या शेडमधला. दूध, भाजी, औषधं, किराणा, सगळं अत्यावश्यक म्हणून चालू होतं. चटणीचं नाव मात्र कुठेच नव्हतं. (हे ठरवणारे साहेब कोल्हापूरचे नसणार.) त्यामुळे भाभीनं शटर अर्धं ओढून डंक चालू ठेवला होता. आत भाभी, मी, शेजारच्या बायडाबाई आणि रांगेत आणखी दोघी, सगळ्या लांब लांब, तोंडाला मास्क, मास्कवर पदर.

अक्का, काय सांगू तुम्हाला, कित्येक महिन्यांनी मी सुखात होते. डंकाचा दणदणाट असा की आतलं बोलणं बाहेर जात नाही, त्यामुळे प्रत्येकीनं घरचं सगळं तिथे मोकळं केलं. बायडाबाईंनी जावयाचा उद्धार केला. भाभी म्हणाली, 'पोरं घरात, पोरांचा बाप घरात, मला नमाजाला कोपरा न्हाय ऱ्हायला.' मी तुमच्या बंधुराजांविषयी जे बोलले ते इथे लिहीत नाही, कारण ते तुमचे भाऊ आहेत. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. त्यातलं मिरचीचं किती आणि दुसरं किती हे कुणी कुणाला विचारलं नाही. कांडपावर ते विचारायची पद्धत नाही.

मिरची झाली, धणे-खोबऱ्याचा मसाला झाला, आता कांदा-लसूण घ्यायचा, तेवढ्यात शटर वर गेलं. आदल्या दिवशी आमच्या गल्लीत एक पेशंट सापडला होता, म्हणून घरोघरी तपासणी चालू होती. दारात आशा-सेविका स्वप्नाली आणि तिच्याबरोबर नवीनच बदलून आलेला एक तरणा डॉक्टर, नखशिखांत पांढऱ्या पोशाखात, तोंडासमोर काच लावलेला. त्या बिचाऱ्यानं रस्त्यावरून काय ऐकलं असेल? अर्ध्या शटरच्या आड पाच बायका जीव खाऊन खोकतायत. त्याला वाटलं, सगळी साथ इथूनच निघते.

त्यानं लांबूनच विचारलं, खोकला कधीपासून आहे? बायडाबाई म्हणाल्या, 'पाडव्यापास्नं हाय की. दरवर्साला येतोय.' त्यानं लिहून घेतलं. वास येतो का? 'आता कशाचा वास, पावणं? नाक मेलंय माजं सकाळधरनं.' तेही लिहून घेतलं. अंग दुखतं का? 'लगीन झाल्यापास्नं.' ते लिहिताना मात्र तो जरा थांबला. स्वप्नाली आपल्याच गावची पोर, तिला सगळं कळत होतं. 'सर, अहो ही चटणी...' एवढं म्हणून तिनं पुढचं बोलायला श्वास घेतला, आणि तो श्वास डंकावरचा होता. त्यानंतर ती पंधरा मिनिटं काहीच बोलू शकली नाही.

मग डॉक्टर समजावून घ्यायला दोन पावलं आत आला. ती त्याची चूक. त्या काचेच्या आत तो असा शिंकायला लागला की काच पांढरी झाली आणि त्याला दिसेना. बायडाबाईंनी त्याला लांबूनच सांगितलं, 'पावणं, तुमास्नी बी लागलंय. चला आमच्यासंगं.' पोरगा प्रामाणिक हो. त्यानं आमचे नमुने घेतले आणि आपलाही दिला. पण लक्षणं लिहिली गेली होती, गल्लीत पेशंट होता आणि नियम म्हणजे नियम. अहवाल येईपर्यंत आम्हा पाचजणींची रवानगी एका वसतिगृहातल्या विलगीकरण केंद्रात झाली. तुमचे बंधुराज गाडीमागे धावत आले. मला वाटलं, काही मायेचं बोलतील. ते म्हणाले, 'आगं, सांच्याला म्या काय करू?' मी म्हटलं, भात करा, पाणी घालून.

आता अक्का, पुढचं वाचून तुम्ही मला नावं ठेवाल, पण खरं ते लिहिते. मी घाबरले होते. केंद्रात जाणं म्हणजे काय काय ऐकलेलं असतं आपण. पहिल्या दिवशी पहाटे आम्ही पाचहीजणी सवयीनं उठून बसलो आणि चूल कुठे आहे ते बघायला लागलो. चूल नव्हती. थोड्या वेळानं दारात कुणीतरी चहा ठेवून गेलं. मग नाश्ता. मग जेवण, ताटासकट. आमटी अगदीच पाणचट, पण आयती. लग्नानंतर कुणी माझ्यासमोर भरलं ताट ठेवल्याचं मला बाळंतपण सोडून आठवत नाही. बायडाबाई जेवून दुपारच्या ज्या आडव्या झाल्या त्या दिवेलागणीलाच उठल्या, आणि उठल्यावर घाबरून विचारतात कशा, 'मला कुनी उठीवलं का न्हाय?'

सकाळी दहाच्या सुमाराला मात्र पाचही फोन एकदम वाजायचे. पाच घरांत पाच पुरुष जिरं शोधत असायचे. भाभीनं सगळ्यांच्या वतीनं एकच उत्तर ठरवून दिलं होतं, 'जितं असतंय तितंच हाय.'

आणि एक गोष्ट झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेवर नुसती पडले होते. कुणाची हाक नाही, कुकर नाही, वर्ग नाही. आणि मला दाजी आठवले. दर वर्षी चटणी न्यायला यायचे, बोटावर चिमूटभर घेऊन चाखायचे आणि डोळे पुसत पुसत 'गोड झालीया' म्हणायचे. अक्का, मी तिथे हमसून हमसून रडले. दाजी गेले तेव्हा घरात रडायला वेळ नव्हता आणि नंतर जागा नव्हती. भाभी आपल्या खाटेवरून उठून नियमानं सहा फुटांवर येऊन बसली. बायडाबाईही आल्या. कुणी समजूत काढली नाही. त्या दोघी नुसत्या बसल्या, आणि मला किती हलकं वाटलं ते लिहिता येत नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की तुमच्याजवळ असं कुणी बसलेलंच नाही.

असो. अहवाल आले. पाचहीजणी ठणठणीत, डॉक्टरही ठणठणीत. निघताना बायडाबाईंनी तिथल्या नर्सबाईंना विचारलं की परत एकदा तपासून बघायचं असेल तर आमची काही हरकत नाही. तुमचे बंधुराज रोज संध्याकाळी कुंपणाबाहेर थर्मास घेऊन उभे राहायचे, हेही सांगायला हवं. चहा त्यांनी स्वतः केलेला, म्हणजे दूध आणि पाणी मापून आणि चहापत्ती विसरून. पहिल्या दिवशी म्हणाले, 'घर खायला उठतंय.' मी म्हटलं, मग तुम्ही त्याच्या आधी खाऊन घ्या. पण बरं वाटलं हो. घरी आल्यावर बघते तर त्यांनी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. आता ते जिरं विचारत नाहीत, फक्त ते संपत का आलं ते विचारतात.

राहिलेलं कांडप काल पुरं केलं. चटणी फक्कड झाली आहे, तुमचा वाटा बाजूला काढून ठेवला आहे, काळजी नसावी. औषधं वेळेवर घ्या. म्हशीच्या पाठीवरून माझा हात फिरवा. नागसेन आणि संघप्रिया तुम्हाला जयभीम सांगतात.

तुमची,
यशोधरा

ता. क. : डॉक्टर परवा स्वप्नालीबरोबर दारात आला होता. तपासणीला नव्हे. रिकामा डबा घेऊन.

ता. क. दुसरा : वर चटणी फक्कड झाली असं लिहिलं ते बंधुराज मागे येऊन उभे राहिले होते म्हणून. खरं म्हणजे चटणी झालेलीच नाही. कांदा-लसूण घालून कांडून आणली आणि तिथेच थांबले. सासूबाई गेल्यापासून आपल्या घरच्या चटणीत मीठ तुम्ही घालता, मूठ उघडून, न मोजता. ती मूठ केवढी हे मला माहीत नाही. बंधुराज तागडी घेऊन पुढे आले होते, मी त्यांना हात लावू दिला नाही, मीठ मीच घातलं असं सांगून परतवलं. बिनमिठाची चटणी या उन्हाळ्यात फार तर दोन दिवस दम धरेल, मग तिला बुरशी येईल आणि दोन्ही घरं वर्षभर अळणी खातील.

ता. क. तिसरा, आणि हाच नीट वाचा : तुमची लस झाली आहे, आमची झाली आहे. गच्चीवरची अडगळीची खोली रिकामी करून झाडून ठेवली आहे. तिथे कुणाचा वर्ग नाही, ऑफिस नाही, आणि मला हवा तितका वेळ तुमच्याजवळ बसता येईल. म्हशीकडे ज्ञानूची बायको बघणार आहे, तिच्याशी बोलणं झालंय. हे पत्र ज्ञानूच आज संध्याकाळी तुमच्या हातात देईल आणि उद्या पहाटे दुधाची गाडी घेऊन तुमच्या दारात उभा राहील. तो विचारेल, बावड्याला काय निरोप सांगू? काही सांगू नका. पुढच्या सीटवर बसा.