नाव तेवढं तुम्ही बघा

१० जानेवारी
आज ही म्हणाली, बाकी सगळं मी आणि आई बघतो, नाव तेवढं तुम्ही बघा. इतकी मोठी जबाबदारी आणि इतक्या सहज! दवाखाना, दूध, दुपटी ही सगळी तात्पुरती कामं. नाव जन्मभराचं. बायको माणूस ओळखते.
ठराव: बाळाचं नाव नदीचंच ठेवायचं, आणि अर्थासकट. पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या फोनवर बसून माझी अकरा वर्षं पाण्यात गेली आहेत. हा अनुभव कुठेतरी लागायला हवा.
बाथरूममधला नळ गळतो. बाळ यायच्या आत दुरुस्त व्हायला हवा, असं ही म्हणाली. बघू म्हणालो.

१३ जानेवारी
वाचनालयातून नद्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. शब्दकोशाचा पहिला खंडही आणला. दुसरा खंड कोणीतरी नेलाय. त्यामुळे सध्या 'न'पर्यंतच्याच नद्यांचे अर्थ कळतील. हरकत नाही. सुरुवात महत्त्वाची.
मुलगीच होणार हे उघड आहे, कारण नद्या स्त्रीलिंगी असतात. सासूबाई गेल्या आठवड्यापासून आमच्याकडे राहायला आल्या आहेत. त्यांनी विचारलं, जावईबापू, मुलगा झाला तर? मी शांतपणे सांगितलं की शोण म्हणून एक पुरुष नदी आहे, तिला नद म्हणतात. त्यांना जरा कमी ऐकू येतं. म्हणाल्या, शेण? पोराचं नाव शेण?
विषय तिथेच थांबवला.

२१ जानेवारी
पहिली फेरी. स्वयंपाकघरात जाहीर वाचन केलं.
तापी: ही म्हणाली, घरात एक ताप आहे तेवढा पुरे. कोणाबद्दल बोलत होती कळलं नाही. नळाबद्दल असावं.
मुळा: सासूबाई म्हणाल्या, छान आहे, पाठची झाली की गाजर ठेवा.
पयोष्णी: याचा अर्थ ऊन पाण्याची. पुस्तकात स्पष्ट दिलाय. दोघी एकदम म्हणाल्या, मुलीचं नाव सांगा, गीझरचं नको.
मांजरा: मी नुसता उच्चार केला तर सासूबाई काठी घेऊन मागच्या दाराकडे गेल्या.
एक गोष्ट लक्षात आली. या घरात मी एकटा नाव ठेवतोय. बाकीचे नावं ठेवताहेत.

२९ जानेवारी
ऑफिस. पाण्याचा दाब कमी, त्यामुळे तक्रारी जास्त. टाकीजवळच्या गल्लीतल्या एक बाई रोज फोन करतात, पाणी कधी येणार. मी म्हणतो, बघू. नवीन आलेल्या क्लार्कला हा शब्द शिकवला. 'हो' म्हटलं तर जबाबदारी येते, 'नाही' म्हटलं तर भांडण होतं. 'बघू' म्हटलं की समोरचा माणूस आशेवर राहतो आणि आपण खुर्चीवर. साहेबांनी मला याच गुणामुळे फोनवर ठेवलंय, असं माझं मत आहे. तो क्लार्क हल्ली मला भेटला की नुसता हसतो. आदर असावा.

७ फेब्रुवारी
दृष्टी विशाल केली. परदेशी नद्या. व्होल्गा भारदस्त आहे, पण सासूबाईंच्या तोंडी त्याचं 'ओलगा' होतं, आणि मग त्या 'हे घ्या, कोरडं दुपटं' म्हणतात. पो नावाची एक नदी आहे. हाक मारायला सुरुवात केली की संपते. लेना आवडलं. खात्यातला फिटर, ज्याला सगळे वॉशर म्हणतात, त्याला विचारलं. तो म्हणाला, झकास, दुसरी झाली की देना.
वॉशर समोरच होता, तर नळाचं सांगता आलं असतं. पण खात्याच्या माणसाला घरचं काम सांगणं माझ्या तत्त्वात बसत नाही. स्वतः करीन. पाना आणायचाय.

१८ फेब्रुवारी
सापडलं!!
फल्गु. नदी वाळूखालून वाहते. वरून कोरडी दिसते, जरा उकरलं की पाणी. म्हणजे बाहेरून शांत, आतून भरलेली. माझाच स्वभाव. कोशाचा पहिला खंड 'न'ला संपतो, त्यामुळे शब्दार्थ बघता आला नाही, पण गरजही नाही. भावार्थ महत्त्वाचा.
हिला सांगितलं. ती पोटावर हात ठेवून पडली होती. दोनदा हळूच म्हणून बघितलं तिने, फल्गु, फल्गु. म्हणाली, गोड आहे हो. मला इतका आनंद झाला की नद्यांचं पुस्तक मिटूनच टाकलं. लग्न झाल्यापासून माझी एखादी गोष्ट तिला पहिल्या फटक्यात आवडली असं हे पहिल्यांदाच झालं.

२४ फेब्रुवारी
शिंप्याकडून दुपट्यावर निळ्या दोऱ्याने 'फल्गु' काढून घेतलं. अक्षरांखाली लाटा. शिंपी म्हणाला, नक्की ना? एकदा भरलं की उसवायला त्रास. मी म्हटलं, बिनधास्त भरा. निर्णय घेणारा माणूस त्याने फार पाहिलेला दिसत नाही.

२७ फेब्रुवारी
ऑफिसात दुपटं दाखवलं. साहेबांचं संस्कृत चांगलं आहे, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. ते बराच वेळ दुपट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, फल्गु म्हणजे क्षुल्लक. कुचकामी. तुम्ही मुद्दाम ठेवताय का?
वाचनालयात गेलो. दुसरा खंड परत आला होता. साहेबांचं बरोबर होतं.

२८ फेब्रुवारी
हिला सांगावंच लागलं. वाटलं होतं हसेल. हसली नाही. म्हणाली, अहो, मी रोज तिच्याशी त्या नावाने बोलत होते. मग दुपट्याची घडी घातली आणि कपाटात अगदी खाली ठेवली. सासूबाई म्हणाल्या, उलटं पांघरलं तर दिसायचं नाही. त्यांचा सूर समजुतीचा होता. मला तो लागला.
ठराव: यापुढे दोन्ही खंड तपासल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

१६ मार्च, दुपार
मुलगी!
मी म्हटलंच होतं. सगळ्यांना आठवत असणार.
नर्सने गुंडाळून माझ्या हातात दिली. माझी कोपरं इतकी ताठ झाली होती की नर्स म्हणाली, काच नाहीये ती, नीट धरा. केवढीशी. डोळे मिटलेले, कपाळाला आठी, तक्रार करणाऱ्या ग्राहकासारखी. मला एकदम रडू आलं. कारण माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. हिने माझ्यावर एकच काम सोपवलं होतं आणि माझ्याकडे हातात घ्यायला मुलगी होती, हाक मारायला नाव नव्हतं.
तेवढ्यात नर्स पाळण्याला लावायचं कार्ड घेऊन आली. म्हणाली, नाव काय? मी म्हटलं, बघू.

१७ मार्च
कार्डावर 'बघू' लिहिलंय. ठळक, लाल शाईने. शेजारी नर्सने फूल काढलंय.
किरकोळ गैरसमज आहे. उद्या दुरुस्त करून घेईन.

२५ मार्च
घरी आलो. कार्डही आलं. हिला ते फेकवत नाही. ते वाचून ही दवाखान्यात इतकी हसली की टाके दुखले आणि डॉक्टरीणबाई मला रागावल्या. माझा संबंध काय?
दरम्यान शब्द पसरलाय. सासूबाई फोनवर सांगतात, आमची बघू आज नीट झोपली. ऑफिसातून लोकरीचं टोपरं आलं, वर चिठ्ठी: चि. बघूस सप्रेम. खाली साहेबांची सही. वॉशर घरी येऊन म्हणाला, नाव एक नंबर, सुटसुटीत, तोंडात बसतं. मी त्याला नदीची भूमिका समजावून सांगेपर्यंत त्याने बाथरूमचा नळ बदलला. कोणी सांगितलं त्याला? सासूबाईंनी. पाना मी कालच आणणार होतो.
हे नाव तात्पुरतं आहे, असं सगळ्यांना बजावलं. सगळे हो म्हणाले. बघूसुद्धा जागी झाली.

८ एप्रिल
विपाशा. दोन्ही खंड तपासले. पाश तोडणारी. कुठेही क्षुल्लक नाही, भाजी नाही, प्राणी नाही. ऑफिसला जाण्याआधी पाळण्यापाशी उभं राहून रोज हाक मारतो. विपाशा! ती पंख्याकडे बघते. आवाज बदलून मारली. पंख्याकडेच. मग सासूबाई आतून येतात, म्हणतात, काय गं बघू, आणि कार्टी मान वळवते.
ही म्हणाली, विपाशा चांगलंय, ठेवू या की. खरंतर इथेच विषय संपायला हवा होता. पण मग वाटलं, पाश तोडणारी म्हणजे पुढे आपल्यालाही सोडून जाणारी का? मग क्षिप्रा पाहिलं. क्षिप्रा म्हणजे वेगाने जाणारी. तीही जाणारीच. सगळ्या नद्या कुठेतरी निघालेल्या असतात. एकही थांबत नाही.
हे कोणाला सांगितलेलं नाही, पण इथे लिहायला हरकत नाही. मला भीती वाटते. नाव चुकलं तर ती जन्मभर माझी चूक सांगत फिरेल. शाळेत, नोकरीत, लग्नात. कोणी विचारलं, काय गं, कोणी ठेवलं हे नाव, तर म्हणेल, बाबांनी. म्हणून निवडता येत नाही. इतर लोकांना हा निव्वळ चालढकलपणा वाटतो.

१९ एप्रिल
ही म्हणाली, जन्मनोंदणीत नाव भरायला दिलेली मुदत परवा संपतेय, शेवटचं काय ते सांगा. मी म्हटलं, परवा सकाळी जेवणाच्या डब्याबरोबर निर्णय देतो. विपाशा, इरावती आणि रेवा या तिघी अंतिम फेरीत आहेत. वातावरण अनुकूल आहे.

२१ एप्रिल
सकाळी निर्णय थोडक्यात राहिला. डबा घेतला आणि निघालो. ही म्हणाली, मी आणि आई जातो नोंदणीला, तिथून फोन करते, तेव्हा सांगा. उत्तम व्यवस्था.
मोठी पाइपलाइन फुटली. सकाळपासून फोन नुसता खणखणत होता. कान लाल. कधी येणार, बघू. किती वाजता, बघू. जेवायलाही उठलो नाही. त्या गडबडीत हिच्या फोनची वाट बघत होतो, पण तो काही आला नाही. तिथे रांग असेल.

२१ एप्रिल, संध्याकाळ
फोन आला होता.
ही म्हणते, मोबाइल लागेना म्हणून ऑफिसच्या नंबरवर केला. म्हणाली, अहो, खिडकीशी उभी आहे, नाव सांगा. मी म्हणालो, बघू. तिला वाटलं चेष्टा. पुन्हा विचारलं, नक्की हेच लिहू का? मी म्हणालो, बघू. मागे लोक ओरडत होते, बाळ रडत होतं, नोंदणीवाला पेन धरून बसला होता. सासूबाई म्हणाल्या, दोनदा सांगितलं ना त्यांनी, लिही.
मुलीचं नाव कायदेशीररीत्या बघू आहे.

२२ एप्रिल
भांडलो. म्हणजे मी बोललो, ही पाळणा हलवत होती. मी म्हटलं, ही नदी नाही, ओढा नाही, साधं डबकंसुद्धा नाही! ते नुसतं क्रियापद आहे! ही म्हणाली, नाव तुम्ही ठेवायचं ठरलं होतं, तुम्हीच ठेवलंत. मला वाटलं अखेर तुम्हाला पसंत पडलं, म्हणून मला आनंद झाला होता. एवढं बोलून रडायला लागली. मी पाळण्याची दुसरी दोरी धरली.
नंतर शांतपणे विचार केला. बघू: भविष्यकाळ, प्रथमपुरुष, अनेकवचन. म्हणजे आपण सगळे मिळून बघू. यात आशा आहे, कुटुंब आहे आणि घाई नाही. असा अर्थ कोणत्याच नदीला नाही. नकळत का होईना, माझ्याकडून मोठंच काम झालंय. अंतर्ज्ञान म्हणतात ते हेच असावं.
हिला हे सांगितलं. ती म्हणाली, बरं.

३० एप्रिल
दारातून हाक मारली, बघू! तिने मान वळवली. पंख्याकडे नाही, माझ्याकडे. आणि तोंडभर हसली. चप्पल काढायचीही विसरलो. अजून तीन वेळा मारली, तीन वेळा हसली. हे नाव मी ठेवलंय. मी.

२ मे
ऑफिसात विचित्र अडचण झाली आहे. टाकीजवळच्या गल्लीतल्या बाईंचा फोन आला, पाणी कधी येणार. मी तोंड उघडलं आणि शब्दच बाहेर पडेना. इतक्या फालतू कामाला पोरीचं नाव वापरायचं कसं? दुसरा शब्द शोधू लागलो. अकरा वर्षांत दुसरा शिकलोच नव्हतो. बाई हॅलो हॅलो करत होत्या. शेवटी खरं तेच सांगितलं. म्हटलं, बाई, मला माहीत नाही. पाइप कधी जोडतील ते मला कोणी सांगत नाही, कधीच सांगितलेलं नाही.
मग बाई म्हणाल्या, तुम्ही नवीन दिसता. याआधीचे होते ते फार चांगले होते हो. निदान बघू तरी म्हणायचे.
मी म्हटलं, हो, त्यांची बदली झाली.